ख्रिस्ती पुस्तक आणि एआय: वचन सोडून बाकी सगळ्या कामाला जुंपा

प्रश्न थोडक्यात असा: बारा प्रवचनांची ध्वनिमुद्रणे हाताशी आहेत, त्यांवरून दीडशे पानांचे मराठी चिंतनपर पुस्तक काढायचे आहे, पैसे बेताचेच आहेत. लेखनात आणि मुखपृष्ठासाठी एआय वापरावे का, आणि वापरले तर कुठपर्यंत?

वापरा. मात्र पहिल्याच दिवशी एक नियम घालून घ्या: बायबलचे वचन एआयला टंकू द्यायचे नाही. एक ओळही नाही. बाकी जवळजवळ प्रत्येक कामात त्याचा उपयोग होतो, पण हा नियम मोडला की तपासणीला जो वेळ जातो त्यात सगळा फायदा बुडतो.

कारण समजून घ्या. ही साधने सहसा वचन उघडून बघत नाहीत. शिकताना जे नजरेखालून गेले त्यावरून पुढचा शब्द जुळवतात. इंग्रजीत एकेक वचन जालावर असंख्य वेळा आहे, म्हणून तिथे निभावते. मराठीत मजकूर कमी, भाषांतरे मात्र अनेक. त्यामुळे दोन-तीन भाषांतरांची मिसळ होते आणि वर हिंदीची फोडणी बसते. स्तोत्र २३ चेच बघा. मंडळीतल्या आजीबाईंनाही पाठ असते: ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला काही उणे पडणार नाही.’ एआय त्या जागी ‘मला कशाचीही कमतरता भासणार नाही’ असे अवतरणचिन्हांत, संदर्भासकट, ठामपणे देऊ शकते. अर्थ चुकलेला नाही, पण ते वाचकाला पाठ असलेल्या बायबलमधले वचन नाही. वाचक पहिल्या पानावर तिथेच अडखळतो आणि मग पुस्तकातल्या प्रत्येक वचनाकडे संशयाने बघतो.

म्हणून हस्तलिखितात वचनाच्या जागी खूण ठेवा: [[स्तो २३:१]], [[योहा ३:१६]]. सगळे संपादन, पुनर्लेखन, मुद्रितशोधन या खुणांसकट होऊ द्या. एआयला सूचना द्या की दुहेरी चौकटी कंसातला मजकूर जसाच्या तसा ठेवायचा. शेवटी, मजकूर पक्का झाल्यावर, एकाच निवडलेल्या भाषांतरातून प्रत्येक वचन स्वतः उतरवा आणि दुसऱ्या माणसाकडून छापील प्रतीशी ताडून घ्या. सगळ्या खुणा वेचून तक्ता बनवायचे काम एआयला द्यायला हरकत नाही: पान, संदर्भ, वचन, तपासणाऱ्याची सही. दीडशे पानांत दोनशे संदर्भ सहज निघतात आणि दोन माणसांना ते एका दिवसाचे काम आहे.

संदर्भ खरा पण वचन दुसरेच, ही चूक जास्त फसवी. रोमकरांस पत्राला १६ अध्याय आहेत, तेव्हा ‘रोम १७:४’ दिसले की कुणीही पकडेल. पण फिलिप्पै ४:१३ च्या जागी ४:१९ आले तर दोन्ही अस्तित्वात आहेत, दोन्ही ओळखीची आहेत आणि डोळा पुढे सरकतो. ताडताना आकडा बघू नका, आकड्यावरून पान उघडा. कॅथलिक वाचकांसाठी लिहीत असाल तर क्रमांकांचाही घोळ आहे. जुन्या लॅटिन परंपरेत आपले स्तोत्र २३ हे २२ वे असते, मलाखीचे चार अध्याय काही आवृत्त्यांत तीन होतात आणि पुस्तके ६६ ऐवजी ७३. एआय या दोन मोजण्या एकाच परिच्छेदात मिसळू शकते.

कोणते भाषांतर घ्यायचे हा श्रद्धेचा प्रश्न आहेच, शिवाय हक्कांचाही आहे. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचे ‘पवित्र शास्त्र’ प्रॉटेस्टंट मंडळ्यांत सर्वांत ओळखीचे. त्याचे हक्क सोसायटीकडे आहेत, तेव्हा वचने जास्त असतील तर छपाईआधी लेखी परवानगी मागा. इंडियन रिव्हाइज्ड व्हर्जनचे मराठी भाषांतर क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बीवाय-एसए ४.० परवान्याखाली खुले आहे. नाव आणि परवाना नमूद करून छापता येते. मात्र त्या मजकुरात फेरफार केलात तर तो फेरफारही त्याच परवान्याखाली खुला करावा लागतो. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेले भाषांतर हक्कमुक्त आहे. त्या १९२२ मध्ये गेल्या आणि आपल्या कायद्यात हक्कांची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांची. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली गेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई १९३६ साली, तेव्हा त्यांच्या ओळीही मोकळ्या आहेत. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातले प्रत्येक गीत मात्र तसे मोकळे नसते. गीताखालचे नाव बघून ठरवा.

आता भाषा. एआयच्या मराठीतला खरा दोष शुद्धलेखनाचा नाही, शब्दांच्या घराण्याचा आहे. मराठी ख्रिस्ती भाषेला चारशे वर्षांचा इतिहास आहे. फादर स्टीफन्सचे ख्रिस्तपुराण १६१६ चे, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ पासूनचे. त्या वापरातून प्रत्येक संकल्पनेला ठरलेला शब्द मिळाला आहे. यंत्राला ते वळण ठाऊक नसते. ते इंग्रजी शब्दाला कोशातला मराठी शब्द लावते किंवा हिंदी बायबलमधला उचलते. सर्वांत धोक्याचे उदाहरण योहानाच्या तिसऱ्या अध्यायाचे. ‘नव्याने जन्म’ या जागी ‘पुनर्जन्म’ येतो. मराठी वाचकासाठी पुनर्जन्म म्हणजे चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा. एका शब्दाने प्रकरणाचा सिद्धांतच उलटतो. तसेच देहधारणाच्या जागी ‘अवतार’, तारणाच्या जागी ‘मोक्ष’, नीतिमान ठरवले जाण्याच्या जागी ‘समर्थन’. ‘विश्वासाने समर्थन’ हे वाक्य वाचून निवडणुकीतला पाठिंबा आठवतो.

हिंदीतून झिरपणारे शब्द वेगळे पकडावे लागतात, कारण ते ओळखीचे वाटतात: मसीह, कलीसिया, यूहन्ना, मत्ती, भजन संहिता. इंग्रजी लेखाचे भाषांतर करवले तर पुस्तकांची नावेही फुटतात. शास्ते ‘न्यायाधीश’ होतात, गणना ‘संख्या’ होते. आणि एक मजेदार सापळा: जुन्या करारातल्या पाचव्या पुस्तकाचे मराठी नावच ‘अनुवाद’. ‘अनुवाद ६:५ नीट कर’ असे लिहिलेत तर यंत्र भाषांतराला बसू शकते. त्याला ‘मोशेचे पाचवे पुस्तक’ म्हणून सांगा.

उपाय म्हणजे शब्दसूची. चाळीस-पन्नास ओळी पुरतात. डावीकडे वापरायचा शब्द, उजवीकडे बंदी असलेले. ही सूची प्रत्येक नव्या संभाषणाच्या सुरुवातीला चिकटवा, मागच्या संभाषणातली आठवण गृहीत धरू नका. सूची तुमच्या मंडळीप्रमाणे बदलेल. वधस्तंभ की क्रूस, बाप्तिस्मा की स्नानसंस्कार, पाळक की धर्मगुरू, प्रभुभोजन की मिस्सा. नगरच्या प्रॉटेस्टंट वाचकाचे आणि वसईच्या कॅथलिक वाचकाचे कान वेगळे आहेत. दोन्ही शब्द एकाच पुस्तकात आले की पुस्तक कुणाचेच राहत नाही.

याच सूचीत एकेरी-अनेकवचनी ठरवून टाका. मराठीत आई, विठोबा आणि देव यांना आपण एकेरीच हाक मारतो, आणि ‘पवित्र शास्त्रा’तही ‘येशू म्हणाला’ असेच आहे. एआय हिंदीच्या आदरार्थी वळणाने ‘येशू म्हणाले’, ‘येशूंनी सांगितले’ लिहिते आणि दोन ओळींनी परत ‘तो’ वर येते. प्रार्थनेत तर ‘हे पित्या, आपण आमच्यावर कृपा करा’ असा अर्जाचा सूर लागतो. ‘तू’ ठेवा.

ध्वनिमुद्रणावरून मजकूर काढणे हे एआयचे सर्वांत किफायतशीर काम. पाऊण तासाच्या प्रवचनाचे साधारण पाच हजार शब्द होतात. हाताने उतरवायला चार-पाच तास, यंत्राने काही मिनिटे. चुका ठरावीक जागी होतात: बायबलमधली नावे, आकडे आणि मध्येच आलेले इंग्रजी. ‘थेस्सलनीकाकरांस’ किंवा ‘हबक्कूक’ नीट येईल ही आशा सोडा. ध्वनी ऐकत एकदा संपूर्ण वाचन करावेच लागते, त्याला दीड तास धरा. ध्वनिमुद्रणात पंखा, ढोलकी किंवा टाळ्या असतील तिथे यंत्र कधी न बोललेली वाक्येही घालते, तेव्हा शांत जागांकडे आणि गीतांच्या आसपास जास्त लक्ष द्या.

उतरवलेल्या पाच हजार शब्दांचे प्रकरण तीन हजारांचे होते. बारा प्रकरणांचे छत्तीस हजार, पानाला अडीचशे धरले तर १४४ पाने. ही काटछाट एकदम करायला दिलीत तर शेवटचा तिसरा भाग सारांशात गुंडाळला जातो. मजकूर लांबला की यंत्र आवळते. हजार-बाराशे शब्दांचे तुकडे करा. सूचना साधी पण बंदिस्त ठेवा, अशी:

‘हा प्रवचनाचा उतारा आहे. बोलण्यातली पुनरुक्ती काढ, वाक्ये नीट लाव. नवा विचार, नवे उदाहरण, नवे वचन घालू नकोस. [[ ]] मधले बदलू नकोस. वक्त्याचे बोलीतले शब्द ठेव. वाक्याचा अर्थ कळला नाही तर दुरुस्त करू नकोस, त्यापुढे ?? लिही.’

शेवटचे वाक्य सोन्याचे आहे. ते नसेल तर न कळलेल्या जागी यंत्र गुळगुळीत काहीतरी रचते आणि ती जागा नंतर सापडत नाही.

‘वक्त्याचे शब्द ठेव’ हेही पुन्हा पुन्हा सांगावे लागते. एआयचे मराठी सभागृहातल्या आभारप्रदर्शनासारखे असते. प्रत्येक परिच्छेदाला सुविचार, तीन-तीन विशेषणांच्या जोड्या, ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’. पाळक म्हणाले असतील, ‘पेत्र रात्रभर जाळं टाकून बसला, हाती शेवाळ.’ ते ‘पेत्राला अपयशाचा सामना करावा लागला’ होऊन परत येते. असे वाक्य दिसले की मूळ परत बसवा.

विचारांच्या पातळीवर यंत्र मऊ असते. ते सगळ्यांना पटेल असे लिहिते, म्हणून पापाचे प्रकरण ‘चुकांमधून शिकणे’ होते आणि न्यायाचा दिवस गायब होतो. उलट प्रॉटेस्टंट पुस्तकात संतांच्या मध्यस्थीचे वाक्य किंवा कॅथलिक पुस्तकात ‘केवळ शास्त्र’ ही घोषणाही शिरू शकते. प्रत्येक प्रकरणावर तुमच्या परंपरेतल्या जाणत्या माणसाची नजर हवीच. त्याला एआयने सुचवलेल्या ओळी रंगवून दाखवा.

अवतरणांचा नियम वचनासारखाच कडक ठेवा. ‘नेहमी सुवार्ता सांगा, गरज पडली तरच शब्द वापरा’ हे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या नावावर खपते, पण त्यांच्या लेखनात ते नाही. ‘मला तुझ्या शांतीचे साधन कर’ ही त्यांच्या नावाची प्रार्थना १९१२ साली एका फ्रेंच मासिकात प्रथम दिसते. संत गेले १२२६ मध्ये. ‘पैसा सर्व वाईटाचे मूळ’ असे बायबल म्हणत नाही, १ तीमथ्य ६:१० मध्ये दोष द्रव्याच्या लोभाचा आहे. एआय या गोष्टी घडवत नाही, जगभर चुकत आले तेच परत देते. म्हणून त्यालाच ‘हे खरे आहे का’ विचारून भागत नाही. पान क्रमांकासह मूळ सापडले नाही तर अवतरण काढा.

ग्रीक-हिब्रूचेही तसेच. ‘अगापे म्हणजे फक्त दैवी, निःस्वार्थ प्रीती’ हे वाक्य हमखास येते. पण जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात २ शमुवेल १३:१५ मध्ये अम्नोनाच्या तामारेवरील वासनेलाही हाच शब्द आहे. रोम १:१६ मधल्या ‘दुनामिस’ला डायनामाइटशी जोडणेही मागचे पुढे करणे आहे, नोबेलने आपल्या स्फोटकाला ते नाव १८६७ मध्ये ग्रीकवरून दिले, पौलाने नोबेलवरून घेतले नाही. मूळ भाषा येत नसेल तर ती वाक्ये गाळली तरी प्रवचनाचे काही बिघडत नाही.

साक्षींबद्दल एक गंभीर बाब. श्रद्धेत आल्याची साक्ष, समुपदेशनात ऐकलेले, प्रार्थनाविनंत्या हे सगळे नाव-गावासकट खुल्या चॅटमध्ये चिकटवू नका. काही घरांत ती बातमी अजून पोचलेली नसते. आधी नाव, गाव, नोकरी बदलून ‘भगिनी क’ करा, मग संपादनाला द्या, आणि छापण्याआधी त्या व्यक्तीची लेखी संमती घ्या.

मुद्रितशोधनाला एआय चांगले, फक्त त्याला हात न लावता बोट दाखवायला सांगा: ‘मजकूर बदलू नकोस; चूक, दुरुस्ती, कारण असा तक्ता दे.’ काही सूचना चुकीच्या असतात, त्या तक्त्यात लगेच दिसतात. टिळकांच्या अभंगांतले जुने अनुस्वार त्याच्या तावडीतून वाचवा. ‘केलें’चे ‘केले’ करून ते जुने वळण पुसते, कधी मात्राही घालवते.

काही खोड्या डोळ्यांना दिसतच नाहीत. वाक्याअखेर हिंदीचा दंड (।) येतो. शोधून पूर्णविराम करा. ‘जखऱ्या’मधला र दोन प्रकारे टंकता येतो, दिसतो सारखाच, पण शोध घेताना एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘ॲ’चेही तसेच. मांडणीआधी सगळीकडे एकच प्रकार करून घ्या, नाहीतर वचनसूची अर्धवट निघेल.

मांडणी इनडिझाइनमध्ये असेल तर परिच्छेदाला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. तो नसेल तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते आणि जोडाक्षरे फुटतात. भाषा मराठी निवडा, कारण बऱ्याच टंकांत ल आणि श यांचे मराठी वळण त्यावरच उमटते. छापखाना श्री-लिपी या टंकप्रणालीत काम करत असेल तर युनिकोडचे रूपांतर होते आणि त्यात ऱ्य, ॲ, अवतरणचिन्हे बिघडतात. रूपांतरानंतरचे वाचन हे वेगळे, पूर्ण वाचन धरा. डेमी १/८ म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच आकाराला मजकूर १३ पॉइंट, ओळ १८ पॉइंट ठेवा. ख्रिस्ती चिंतनपर पुस्तकांचे बरेच वाचक साठीच्या पुढचे असतात.

आता मुखपृष्ठ. पहिला सल्ला: येशूचा चेहरा एआयकडून करवून घेऊ नका. निळ्या डोळ्यांचा, सोनेरी केसांचा युरोपी चेहरा येतो. ‘भारतीय’ म्हटले की कपाळी टिळा आणि लग्नातली शेरवानी. पहिल्या शतकातला पॅलेस्टाइनचा यहूदी सांगूनही मिळेलच असे नाही. वस्तू निवडा: मातीचा दिवा, मोडलेली भाकर, ओले जाळे, मेंढपाळाची काठी, किलकिले दार. वस्तूत चूक कमी होते आणि मुखपृष्ठ शांत दिसते.

तरी तपासा. मंदिरातल्या दीपवृक्षाला सात दिवे असतात (निर्गम २५). यंत्र नऊ काढते, तो हनुक्का या यहूदी सणाचा. नासरेथच्या सभास्थानात येशूच्या हाती गुंडाळी होती, बांधलेले पुस्तक नव्हे. शेवटच्या भोजनात माणसे मोजा. बाळ येशूच्या भेटीला आलेले मागी लोक तीन होते असे मत्तय कुठेच म्हणत नाही. क्रूसावरच्या पाटीची अक्षरे आणि हिब्रू लिपी हमखास रेघोट्या निघतात. क्रूस रिकामा की मूर्तीसह, हे आधी ठरवा. या एका गोष्टीवरून वाचक पुस्तक कुणाचे ते ओळखतो. आणि देवनागरी शीर्षक चित्रातच लिहायला सांगू नका. अक्षरे बरोबर आली तरी ती चित्राचा भाग होतात, बदलता येत नाहीत. वरचा तिसरा हिस्सा मोकळा मागा आणि शीर्षक मांडणीत टाका.

आकड्यांत सांगायचे तर छापील मुखपृष्ठाला ब्लीडसह, म्हणजे कडेला कापला जाणारा जादा भाग धरून, पावणेसहा बाय पावणेनऊ इंच लागतात, ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) १७२५ बाय २६२५ पिक्सेल. अनेक साधने १०२४ बाय १५३६ देतात, म्हणजे जेमतेम १७५ डीपीआय. दुप्पट मोठे करून मग आकाराला आणा आणि शंभर टक्क्यांवर बघा, कारण मोठे करताना भाकरीला चामड्याचा पोत येतो. पडद्यावरचा झळाळता निळा आणि सोनेरी प्रकाश छपाईच्या चार रंगांत (सीएमवायके) मळकट होतो, तेव्हा रंग बदलूनच निवड करा. पुढची-मागची पाने धरून १६० पाने, म्हणजे सोळा पानांचे दहा फॉर्म, ८० जीएसएम कागदावर ८० पाती, पात ०.१ मिमी धरली तर ८ मिमी, कव्हरसह कणा सुमारे ९ मिमी. एवढ्यावर उभे शीर्षक बसते. नक्की माप छापखान्याकडून कोरी डमी घेऊन मोजा, कागदाचा फुगीरपणा गिरणीगणिक बदलतो.

साधनाच्या अटींत व्यावसायिक वापराला मुभा आहे का ते वाचा, आणि कोणत्या सूचनेवर कोणते चित्र कधी मिळाले ते जपून ठेवा. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती निर्माण करवणारी व्यक्ती, असे कलम २(ड)(सहा) सांगते. अमेरिकेत मात्र निव्वळ एआय चित्राला हक्क मिळत नाही, तेव्हा तेच चित्र कुणी उचलले तर तिथे दाद मागणे अवघड. किंडलवर मराठी ई-पुस्तक टाकताना केडीपी ही ॲमेझॉनची प्रकाशन सेवा एआयने निर्माण केलेला मजकूर, चित्र, भाषांतर जाहीर करायला लावते. निव्वळ सुधारणेसाठी घेतलेली मदत सांगावी लागत नाही. छापील पुस्तकाचा आयएसबीएन राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. अर्ज छपाईच्या आधी करा, म्हणजे बारकोड मलपृष्ठावर बसवता येईल.

श्रेयपानावर दोन ओळी घाला: ‘ध्वनिमुद्रणाचे लेखन, मुद्रितशोधन आणि मुखपृष्ठाचे चित्र यांसाठी एआय साधने वापरली आहेत. सर्व वचने अमुक भाषांतरातून घेऊन छापील प्रतीशी ताडली आहेत.’ दुसरी ओळ खरोखर ताडल्यावरच टाका. आणि हजार प्रती काढण्याआधी पाच प्रतींचे डिजिटल प्रिंट काढून त्यातली एक अशा माणसाला द्या ज्याला स्तोत्रे पाठ आहेत आणि संगणक येत नाही.